चादरीचं दुसरं टोक

रुग्णालयाच्या धुलाईखात्यात तिला सगळे घाईबाई म्हणत. यावरून कुणाला वाटेल, बाई कामात वाऱ्यासारखी असेल. छे! काम ती बेतानंच करी, आणि जेवायला इतका वेळ लावी की समोर बसलेल्याला तिच्याकडे बघता बघता पुन्हा भूक लागे. घाई होती ती वेगळ्याच गोष्टीची. प्रभू येशू परत येणार, तो आगाऊ न कळवता येणार, आणि त्या वेळी आपण गाफील सापडता कामा नये, या एका धास्तीवर तिनं सगळा संसार उभा केला होता.

घरातून निघताना स्वयंपाकघरात एक उष्टा चमचा राहिलेला तिला चालत नसे. अंथरुणं उजाडताच आवरलेली. दारामागच्या खुंटीवर धुऊन इस्त्री केलेले कपडे कायम टांगलेले, म्हणजे हाक आली की अंगावर चढवायचे आणि निघायचं. नवरा शाळेची बस चालवायचा आणि उरलेला वेळ बायकोला चिडवण्यात घालवायचा.

"अगं, देव येणार आहे की सासू?" तो विचारी.

"देवाला फसवता येत नाही," ती म्हणे. "तुमच्या आईला मी आजवर फसवत आले."

भांडण झालं तर दिवस मावळायच्या आत मिटवलंच पाहिजे, हाही तिचा एक नेम. शेजारणीला हे कळल्यापासून ती भांडण मुद्दाम दुपारी उकरून काढी. संध्याकाळपर्यंत माफी घरपोच येई, वर गरम चहाही मिळे.

तर अशी सगळ्या बाजूंनी सज्ज असलेली ही बाई. पण तिच्या तयारीला एक भोक होतं आणि ते तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. स्वतःची तयारी तिनं चोख ठेवली होती. दुसऱ्या कुणाला मात्र तिनं कधी एक शब्द सांगितला नव्हता. दर रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणत, जे आपल्याला फुकट मिळालं ते लोकांना सांगा, तोंडाला कुलूप लावून बसू नका. घाईबाई मान डोलवी आणि सोमवारी कुलूप लावूनच कामावर जाई.

याला एक कारण होतं. कामावर लागली त्या सुरुवातीच्या दिवसांत तिनं इस्त्रीच्या गरम रुळावर काम करणाऱ्या एका बाईला धीर करून सांगितलं होतं, की प्रभू तुझ्यावर प्रेम करतो, त्याच्याकडे ये. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या खात्यात फिरली. धुण्याची यंत्रं चालवणारा मशिनवाला, ज्याच्या तोंडाला कधी लगाम नव्हता, भरल्या खात्यात ओरडला, "घाईबाई, स्वर्गाची गाडी कितीची आहे? खिडकीची जागा धरून ठेवा!" लोक पोट धरधरून हसले. मशिनवाला बिचारा दुसऱ्या दिवशी विसरूनही गेला. त्याची थट्टा म्हणजे साबणाचा फेस. हिच्या मनात मात्र ती दगडावरच्या रेघेसारखी बसली.

त्या दिवशी न हसलेली एकच बाई होती, ती ताई.

ताई म्हणजे तिची जोडीदारीण. धुलाईखातं बॉयलरच्या डोक्यावर होतं, लोखंडी जिना चढून वर. एका अंगाला धुण्याची मोठी यंत्रं, मध्ये गरम रूळ, आणि खिडकीकडच्या बाजूला घडीचं टेबल. पलंगाची चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघी लागतात. दोन टोकं हिनं धरायची, दोन तिनं. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं, टोकांना टोकं जुळवायची, एकीनं दुसरीच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी घडी उचलून पुन्हा मागं जायचं. जवळ येणं, लांब जाणं, जवळ येणं, लांब जाणं. दिवसभर. त्यामुळे या दोघींच्या गप्पाही चादरीच्या मापाच्या झाल्या होत्या. एक वाक्य जवळ आल्यावर, त्याचं उत्तर पुढच्या फेरीला. सुनेची कागाळी सांगायला ताईला डबल पलंगाच्या चादरी लागत. उशीच्या अभ्र्यांत तिचं भागत नसे.

वर्षानुवर्षं अशी गेली. घाईबाईच्या पोरीचं बाळंतपण ताईनं काढलं होतं. ताईचा नवरा गेला तेव्हा घाईबाई तिच्याकडे राहायला गेली होती. दोघींत झाकलेलं असं काही उरलं नव्हतं, फक्त ती एक गोष्ट सोडून. ताईचं देवाबद्दलचं मत अगदी आटोपशीर होतं. "असला तर बरंच आहे. नसला तर चादरी काही स्वतःहून घडी होणार नाहीत." एवढं बोलून ती टोकं जुळवी.

घाईबाईला भीती वाटे. आपण बोललो आणि ताईनं नुसतं एकदा त्या लोकांसारखं हसून बघितलं, तर? ज्याची जोडी मोडे त्याला खात्याचे साहेब मळक्या कपड्यांच्या कप्प्यात पाठवत, रक्ता-पुवाच्या चादरी निवडायला. पण तेही परवडलं असतं. ताईचं हसू परवडलं नसतं.

आणि एका शनिवारी ताईनं चादर झटकता झटकता सांगितलं, "शुक्रवारी कापणार मला."

"काय?"

पुढच्या फेरीला उत्तर आलं. "झडप. हृदयाची. डॉक्टर म्हणाले, बदलायची. घरात नळाची चकती बदलतात ना, तसं."

"अगं, पण..."

"शंभरातली थोडीच दगावतात म्हणे. चादर ओढ नीट, तिरकी चाललीय."

ताई जिना चढताना थांबते, बोलता बोलता श्वास गिळते, हे घाईबाई बघत होती. पण हे असं, शुक्रवार नेमून आलेलं, तिनं धरलं नव्हतं. पुढच्या चार चादरींच्या घड्या तिनं इतक्या वाकड्या घातल्या की ताईला त्या उलगडून तिच्याकडून पुन्हा घालून घ्याव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, "डोळे मिटा. ज्याला तुम्ही कधीच सांगितलं नाही असं एक माणूस डोळ्यांसमोर आणा." घाईबाईनं डोळे मिटलेच नाहीत. मिटायची गरज नव्हती. तिला लहानपणी ऐकलेल्या एका फिरत्या उपदेशकाचं बोलणं आठवलं. तो म्हणाला होता, प्रभू आपल्या माणसांना असा उचलून नेईल की अंगावरचे कपडे जागच्या जागी पडतील. आणि दोघीजणी एकच काम करत असतील, त्यातली एक जाईल आणि एक राहील. तेव्हा ती लहान होती आणि रात्री अंगावर कपडे घट्ट धरून झोपायची. आता तिनं वेगळाच हिशेब मांडला. उद्या तो आला तर मी जाईन आणि चादरीचं दुसरं टोक धरून ताई एकटी उभी राहील. आणि तो नाही आला, तरी शुक्रवार येणारच आहे.

सोमवारी सकाळी ती ठरवून गेली. पहिलीच चादर. जवळ आल्या.

"ताई, तुला एक सांगायचं होतं."

"बोल की."

टोकाला टोक लागलं. ताईचे डोळे समोर, वीतभर अंतरावर. घाईबाईनं नजर तिच्या बाहीवर नेली.

"तुझ्या बाहीचा दोरा सुटलाय."

मंगळवारी तिनं जास्त धीर केला. "ताई, तुला मरणाची भीती वाटते का गं?" तिनं विचारलं. ताई चादर धरून जागच्या जागी थांबली आणि म्हणाली, "वाटत नव्हती. तू सकाळपासून माझ्याकडे ज्या तोंडानं बघतेयस ना, त्यानं वाटायला लागली." मशिनवाला पलीकडून म्हणाला, "ताई, घाबरू नका, त्यांचं तोंड जन्मापासून तसंच आहे." झालं. सगळे हसले, घाईबाईही हसली, आणि अख्खा मंगळवार हातातून गेला.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तिला वाटलं, हा पुन्हा सासूचं काहीतरी काढेल. पण त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "मी बसमध्ये रोज पोरांना ओरडून सांगतो, हात आत घ्या, डोकं आत घ्या. चिडतात, तोंडं वाकडी करतात. म्हणून मी सांगायचं सोडलंय का?"

"ती पोरं आहेत. ही ताई आहे."

"म्हणून तर," तो म्हणाला आणि जेवायला लागला.

बुधवारी दुपारी चहाच्या आधी घाईबाई ब्लँकेटांच्या खोलीत शिरली. ही खोली धुलाईखात्याच्या पार टोकाला. जमिनीपासून छतापर्यंत ब्लँकेटांच्या थप्प्या, दार जाड. आत गेलं की बाहेरची यंत्रं एकदम बंद पडल्यासारखी वाटत. साहेब तिथं अधूनमधून डुलकी काढत, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. घाईबाई मात्र डोळे मिटायला गेली ती दुसऱ्या कामासाठी. थप्पीवर कपाळ टेकून तिनं प्रार्थना केली. "प्रभू, आज माझं तोंड उघड. मी उघडत नाही तर तू उघड. ती हसली तर हसू दे." बराच वेळ ती तशीच उभी होती. शेवटी तिला वाटलं, आता निघालं पाहिजे. धीर असतो तोवर. तिनं डोळे पुसले, दार ढकललं.

बाहेर आवाज नव्हता.

धुलाईखात्यात आवाज नाही, ही गोष्ट तिनं जन्मात बघितली नव्हती. यंत्रं थांबलेली. रूळ थांबलेला, त्याच्यावर अर्धी चादर लोंबकळत आणि तिच्यातून वाफ निघत होती. कपात चहा, अजून गरम. आणि माणूस एकही नाही.

जमिनीवर एप्रन पडले होते. जिथं ज्याची जागा तिथं त्याचा एप्रन, बसल्यासारखा, वाकल्यासारखा. एप्रनच्या पुढ्यात रबरी चपलांचा जोड. रुळापाशी एक, मळक्या कपड्यांच्या कप्प्यापाशी दोन, यंत्रापाशी मशिनवाल्याचा तो भला मोठा डाग पडलेला एप्रन आणि त्याच्या होडीएवढ्या चपला.

हसू नका. तुम्ही आम्ही तिथं असतो तर म्हणालो असतो, काहीतरी गडबड झालीय, बाहेर जाऊन बघू. पण तिच्या डोक्यात एवढी वर्षं हेच चित्र टांगलेलं होतं, आणि ते आज रंगांसकट समोर पडलं होतं. खरं कारण अगदी साधं होतं. मागे एकदा आग लागल्याची खोटी घंटा झाली तेव्हा कुणीतरी रबरी चपलांमुळे लोखंडी जिन्यावरून घसरलं होतं, आणि कुणाच्या तरी एप्रनचा बंद कठड्यात अडकला होता. तेव्हापासून साहेबांनी नियम काढला: घंटा झाली की यंत्रं बंद, एप्रन आणि चपला जागेवर टाकायच्या आणि अनवाणी मागच्या जिन्यानं अंगणात. हा नियम साहेबांनी सगळ्यांना उभं करून शिकवला त्या दिवशी घाईबाई अर्धी रजा टाकून प्रार्थनासभेला गेली होती. घंटा झाली तेव्हा ती ब्लँकेटांत तोंड खुपसून प्रार्थना करत होती. म्हणजे दोन्ही वेळा देवाच्या कामातच तिची चुकामूक झाली होती.

ती एकेका एप्रनकडे बघत पुढं सरकली. साहेबही गेले? गेले. ती रुळावरची, जी त्या दिवशी सगळ्यांत जोरात हसली होती? तीही. मशिनवाला! शिव्यांशिवाय ज्याचा साबणाचा डबा उघडत नव्हता, तो मशिनवालासुद्धा गेला, आणि मी इथं!

मग तिनं घडीच्या टेबलाकडे बघितलं. ताईचा एप्रन होता. ताईच्या टाचा झिजलेल्या चपला होत्या.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी, सगळ्या भीतीच्या मध्ये, तिला एकदम हायसं वाटलं. ताई गेली. ताई सुटली. शुक्रवार आता येवो न येवो. कुणीतरी तिला सांगितलं असेल. कुणीही सांगितलं असू दे, या घाईबाईनं नाही सांगितलं, पण ती सुटली. एवढं वाटलं आणि मग पाठोपाठ दुसरं वाटलं: मी तोंड मिटून बसले म्हणून मी राहिले. ती मटकन खाली बसली, ताईचा एप्रन उचलून छातीशी धरला आणि मोठ्यानं रडायला लागली.

तेवढ्यात लोखंडी जिना वाजला. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. दारात ताई उभी राहिली. अनवाणी, घामानं निथळलेली, ओठ निळसर, एक हात चौकटीवर आणि एक छातीवर.

"मेले," ताई धापा टाकत म्हणाली. "इथं काय करतेयस? सगळे खाली. मोजले तर तू नाहीस."

घाईबाई तिच्याकडे भूत बघावं तशी बघत राहिली. मग तिनं किंचाळून विचारलं, "तूपण राहिलीस?"

"कुठं राहिले?"

"तूपण राहिलीस! माझ्यामुळे! मी तुला सांगितलंच नाही! एवढी वर्षं! रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी दुसरंच बोलायचे! तुझ्या बाहीचा दोरा सुटला नव्हता गं, मी खोटं बोलले!"

ताई कपड्यांच्या टोपलीवर टेकली. तिला बोलायला श्वास नव्हता, म्हणून तिनं सगळं ऐकून घेतलं. घाईबाई हुंदक्यांत सगळं ओकत गेली, उलटंपालटं: प्रभू आला, माणसं उचलली, तो आपल्यासाठी मेला आणि उठला, त्याच्याकडे वळलं की तो कुणालाच परत पाठवत नाही, मशिनवाल्यालाही पाठवलं नाही बघ, हे मला ठाऊक होतं आणि मी तुला सांगितलं नाही. खिडकीतून खालचा गलका वर आला. त्यात मशिनवाल्याचा आवाज होता. तो कुणाला तरी अगदी मनापासून शिवी घालत होता.

घाईबाई थांबली. खिडकीकडे बघितलं. ताईकडे बघितलं.

"घंटा होती," ताई म्हणाली. "आगीची. खोटीच निघाली बहुतेक."

घाईबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आता ताई हसणार. पण ताई हसली नाही, आणि ते हसण्यापेक्षा अवघड झालं.

"म्हणजे तुला खरंच असं वाटतं," ताई एकेक शब्द सावकाश टाकत म्हणाली, "की ज्याला हे ठाऊक नाही त्याचं काही खरं नाही."

घाईबाईनं होकारार्थी मान हलवली.

"मी राहिले असते, असंच वाटत होतं तुला."

पुन्हा मान हलली.

"खाली सगळे उभे होते. साहेब म्हणाले, कुणी वर जायचं नाही. मला वाटलं तू इथं जळतेयस, म्हणून मी आले. या छातीसकट आले." तिनं श्वास घेतला. "आणि तुला एवढी वर्षं वाटत होतं की मी जळतेय. आणि तू मला सुनेच्या कागाळ्या विचारत होतीस."

उत्तर द्यायला घाईबाईला वेळच मिळाला नाही, कारण ताईचा हात टोपलीवरून घसरला आणि ती बाजूला कलंडली.

घाईबाईची किंकाळी ऐकून मशिनवाला पायऱ्या उड्या मारत चढला. त्यानंच ताईला मळक्या कपड्यांच्या ढकलगाडीत ठेवलं आणि तो लोखंडी जिना टाळून, मालाच्या लिफ्टमधून, वाटेत येईल त्याला शिव्या देत इस्पितळाच्या मुख्य भागात घेऊन गेला. साहेबांनी विचारलं, घाईबाई वर का थांबली होती? ढकलगाडीतून ताईनंच उत्तर दिलं, जेमतेम ऐकू येईल इतकं. "ब्लँकेटांच्या खोलीत अडकली होती. दार घट्ट बसतं त्याचं. दुरुस्त करून घ्या."

गुरुवारी संध्याकाळी भेटीच्या वेळेत घाईबाई हृदयरुग्णांच्या खोलीत गेली. रात्रभर डोळा लागला नव्हता. सगळीकडे आपणच घडी घातलेल्या चादरी, आणि त्यातल्या एकीत ताई, नाकाला नळी. ताईची सून उशाशी होती. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा, मी खाली जाऊन येते. आई सकाळपासून तुमचीच वाट बघतायत. आणि माझ्याबद्दल काय काय सांगितलंय ते नंतर विचारेन मी तुम्हाला."

सून गेली. घाईबाई उभीच.

"बैस. रागावलेय मी तुझ्यावर," ताई म्हणाली. "पण उद्या मला उघडणार आहेत, तेव्हा राग नंतर. आज सांग. पहिल्यापासून सांग, आणि रडू नकोस. काल सगळं रडण्यात गेलं, मला कळलं फक्त मशिनवाल्याचं."

घाईबाईनं पहिल्यापासून सांगितलं. मध्ये चादर नव्हती, मागं जायचं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला तिला वाक्य संपवायला जमेना. प्रभूनं आजाऱ्यांना कसं हात लावून बरं केलं, त्याला क्रुसावर कसं खिळलं, तिसऱ्या दिवशी बायका पहाटे गेल्या तर कबर कशी रिकामी. "कपडे?" ताईनं विचारलं. "तिथंच होते," घाईबाई म्हणाली. "घडी घातलेले." ताईला हे फार आवडलं. "हां. माणूस नीट होता." मग तयारीचं सांगताना घाईबाईनं प्रभूच्या गोष्टींतला दहा मुलींचा दाखला सांगितला. दिवे घेऊन नवऱ्या मुलाची वाट बघणाऱ्या दहा मुली, पाचजणींकडे जास्तीचं तेल, पाचजणींचं संपलेलं. ज्यांचं संपलं त्या दुकानात पळाल्या आणि मागं दार बंद झालं.

"थांब," ताई म्हणाली. "त्या पाचजणींनी थोडं थोडं तेल का नाही दिलं? कसल्या मैत्रिणी!"

"ते तेल देता येत नाही गं. ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं."

"मग दुकान कुठं आहे ते तरी आधी सांगायचं. सगळ्या एका जागी बसल्या होत्या ना वाट बघत? तेव्हा काय झालं होतं?"

एवढ्या वर्षांत हा दाखला घाईबाईनं किती वेळा ऐकला असेल. प्रत्येक वेळी ती शहाण्या पाचजणींत बसून ऐकत आली होती.

"काही नाही," ती म्हणाली. "लाज वाटली असेल त्यांना."

ताईनं चादरीवरून हात पुढं सरकवला. परिचारिकेनं भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा घाईबाईनं घाईघाईनं विचारलं, "ताई, मी प्रार्थना करू? तू माझ्या मागून म्हण."

"तुझ्या मागून नको. माझं मी बोलेन. मोठ्यानं बोलायला मला लाज वाटते." मग म्हणाली, "तो कुणाला परत पाठवत नाही म्हणालीस ना काल?"

"नाही पाठवत."

"मग जा आता."

बोलणं झालं, हे खरं. पण ज्याला वाटतं की त्यानं घाईबाई हलकी झाली असेल, त्याला घाईबाई कळलीच नाही. ती रात्रभर नवऱ्याला विचारत राहिली. ताई बोलली असेल का? नीट बोलली असेल का? मी पापक्षमेचं सांगितलं, पण घाईत सांगितलं. तिला कळलं असेल का? नवरा शेवटी उशीत तोंड खुपसून म्हणाला, "आता ते त्या दोघांत आहे. तू मध्ये शिरू नकोस."

शुक्रवारी सकाळी ती कामावर गेली, कारण घरी बसवेना. ताईला आत नेलं होतं. साहेबांनी जोडी लावायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मशिनवाल्यालाच घडीच्या टेबलापाशी उभं केलं. त्याच्या त्या हातांत चादर म्हणजे मेंढरू धरल्यासारखं. टोकं जुळेनात. तिसऱ्या चादरीला तो खालच्या आवाजात म्हणाला, "घाईबाई, एक विचारू? त्या दिवशी ढकलगाडीत ताई म्हणाली, घाईबाईला विचार, तिनं तुलापण आत घेतलं होतं. कशात घेतलं होतं?"

घाईबाईनं भिंतीवरच्या टेलिफोनकडे बघितलं. तो वाजत नव्हता. वाजू नये असंही वाटत होतं आणि वाजावा असंही. सगळं खातं आज हळू बोलत होतं. रुळावरची बाई इकडेच कान लावून होती. आता बोललं तर दुपारपर्यंत सगळीकडे होईल, आणि ताई नसताना न हसणारं इथं कुणीच नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "मला वाटलं होतं प्रभू आला आणि तुम्हाला घेऊन गेला."

मशिनवाल्यानं चादर खाली केली. "मला?"

"तुम्हाला."

"मला कोण नेतंय!" तो हसायला गेला. पण हसू अर्ध्यात अडकलं. "तो माझ्यासारख्याला नेतो?"

"येणाऱ्याला नेतो," घाईबाई म्हणाली. "टोक वर धरा, जमिनीला लागतंय. सांगते."

तिनं सांगायला सुरुवात केली. मध्येच थांबे, टेलिफोनकडे बघे, पुन्हा सांगे. रुळावरची बाई हसली नाही. फक्त रूळ हळू फिरवायला लागली, आवाज कमी व्हावा म्हणून. दहा मुलींपर्यंत आली आणि टेलिफोन वाजला.

साहेबांनी उचलला. बराच वेळ नुसतं "हां, हां" म्हणत राहिले. घाईबाईच्या हातातली चादर तिच्या मुठींत चुरगळून गेली. साहेबांनी फोन ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं ऑपरेशन. बाहेर काढलंय. शुद्धीवर यायचीय अजून. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही."

मशिनवाल्यानं हातातल्या चादरीनं खसाखसा तोंड पुसलं. साहेब ओरडले, "अरे, धुतलेली आहे ती!" एरवी त्यानं साहेबांना चार सुनावल्या असत्या. आज त्यानं निमूट ती धुण्यात टाकली आणि थप्पीवरची दुसरी उचलली.

उद्यापर्यंत. घाईबाईनं नवी चादर धरली, ताणली, झटकली. मशिनवाला जवळ आला, या वेळी त्याची टोकं बऱ्यापैकी जुळली.

"पुढं?" तो म्हणाला. "त्या पाचजणींचं काय झालं?"